वळणावर कलणारी एमजीबी

प्रश्न : माझ्याकडे 1975 ची एमजीबी रोडस्टर ही उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, काळ्या रबरी बंपरची. वळणावर ती इतकी कलते की शेजारी बसलेली बायको दाराला लोंबकळते. मेकॅनिक म्हणतो, जुने लिव्हर-आर्म (हलत्या हाताचे) शॉकअप काढून टेलिस्कोपिक (नळीसारखे) टाका, सगळीकडे सांध्यांतल्या रबराऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घाला आणि बुटक्या स्प्रिंगा बसवून गाडी खाली घ्या. एकदमच उरकून टाकू का?

उत्तर : मुळीच नको. सगळं एका दमात बदललंत, तर सुधारलं कशानं आणि बिघडलं कशानं, दोन्ही कळायचं नाही.

तुमच्या गाडीचं दुखणं बरंचसं जन्मजात आहे. 1974 च्या अखेरीस रबरी बंपर आले, तेव्हा अमेरिकेतले उंचीचे नियम पाळण्यासाठी कंपनीनं गाडी इंच-दीड इंच वर उचलली आणि खर्च वाचवायला पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचं कलणं रोखणारा दांडा, काढून घेतला. कलणार नाही तर काय करेल बिचारी! 1977 च्या मॉडेलला त्यांनीच तो परत बसवला, वर मागेही एक दिला. तेव्हा पैसे घालायचेच, तर पहिला मान पुढच्या बारचा. मागे मात्र हौसेनं जाडजूड बार घालू नका, ओल्या रस्त्यावर गाडी मागून सुटते.

पण त्याच्याही आधी पुढचं चाक जॅकवर उचला आणि वरून-खालून धरून हलवून बघा. खटखट लागली, तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. ती थांबली तर दोष बेअरिंगचा, चालूच राहिली तर संशय किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या खुंटीभोवती वळतं तिच्यावर. किंगपिन झिजलेला असताना नवे शॉकअप घालणं म्हणजे पैसे पाण्यात. टायरही बघा, कडेवरच्या शिक्क्यातले शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी शाबूत असली तरी जुनं रबर कडक होतं.

टेलिस्कोपिकची एवढी घाई का, मला कळत नाही. या गाडीत पुढच्या शॉकअपचा हात हाच वरचा विशबोन (चाकाला गाडीशी जोडणारा हात) असतो, त्यामुळे तो काढणं म्हणजे नुसता शॉकअप बदलणं नव्हे. तेल गळत नसेल, मडगार्ड दाबून सोडल्यावर गाडी एकदा वर येऊन गप्प बसत असेल, तर आहेत तेच राहू द्या.

पॉलियुरेथेन मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या डोळ्यात (टोकाच्या भोकात) तर नकोच. तिथे बुशला पिळ खावा लागतो, आणि ते कुरकुरतं. पुढच्या खालच्या विशबोनला एमजीबी जीटी व्ही-8 चे, पोलादी नळीत बसवलेले रबरी बुश घाला. त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत लोंबणाऱ्या चाकावर आवळलेत, तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

स्प्रिंगा या सगळ्यानंतर. बंप स्टॉपपाशी (स्प्रिंग पूर्ण दबली की धक्का घेणाऱ्या रबरापाशी) किती जागा उरते ते मोजून मगच उंची ठरवा. आणि मेकॅनिकनं आहे तीच स्प्रिंग कापायची गोष्ट काढली, तर चावी मागून घ्या.