उभी बोटच जास्त खाते

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: ४५ फुटी सेकंडहँड मोटरयॉट घेतलीत, ती गेटवेसमोर मुरिंगवर (समुद्रात बोयाला बांधून) असते, महिन्यातून एखाद्या रविवारी मांडव्याला जाऊन येता. वापर इतका कमी, मग वर्षाला एक सर्व्हिसिंग पुरेल का? आणि पॉलिशवाला वर्षातून चारदा पॉलिश सांगतोय, ते खरं का?

पॉलिशचं आधी उरकतो. वर्षातून दोनदा वॅक्स पुरे. कंपाउंड (घासायची खरखरीत पेस्ट) लावून घासलं की दर खेपेला जेलकोटचा, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत आवरणाचा, थर थोडा उतरतो. चारदा घासाल तर काही वर्षांनी आतलं फायबर दिसायला लागेल. त्यापेक्षा खलाशाला सांगून प्रत्येक फेरीनंतर बोट गोड्या पाण्याने धुवून घ्या. सागवानी डेकवर मात्र प्रेशर वॉशर चालवू देऊ नका, लाकडातला मऊ भाग उडून जातो आणि डेक खरखरीत होतं. मऊ ब्रश घ्यायचा आणि लाकडाच्या रेषांना आडवा फिरवायचा. सागाला समुद्राचं पाणी बाधत नाही.

आता मुख्य मुद्दा, सर्व्हिसिंगचा. वीस-बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या यॉटी सांभाळल्या. रोज पळणाऱ्या बोटी कमी बिघडतात, बोयाला बांधून ठेवलेल्या जास्त. गाडी बंद ठेवली तर फार तर बॅटरी उतरते. बोट बंद असली तरी ती खाऱ्या पाण्यातच उभी असते. खालून शिंपले, आतून दमट हवा, वरून ऊन, आणि मुंबईच्या बंदरात भरीला गाळ आणि प्लास्टिक.

तुमच्याकडे सगळ्यात आधी काय बघाल, तर बिल्ज, म्हणजे बोटीच्या तळातली पाणी साचायची जागा. मुरिंगवर धक्क्याची वीज नसते. बिल्ज पंप चालतो तो बॅटरीवर. समजा शाफ्टच्या ग्लँडमधून, म्हणजे प्रोपेलर फिरवणारा दांडा बोटीबाहेर पडतो तिथल्या सीलमधून, थेंब थेंब पाणी येतंय. ते यायचंच, जुन्या पॅकिंगच्या ग्लँडला थोडा थेंब लागतोच. त्यात पाऊस पडला आणि डेकवरच्या कुठल्या तरी हॅचमधून (झाकणातून) पाणी उतरलं, की पंप तासातासाला सुरू होणार. चार दिवसांनी बॅटरी बसते आणि पाचव्या दिवशी पंप गप्प. बोयाला बांधलेल्या बऱ्याच बोटी अशाच बुडतात, वादळाची गरज लागत नाही. म्हणून छोटं सोलर पॅनल बसवा आणि पंप किती वेळा चालला हे मोजणारा काउंटर लावा. खलाशी दर सकाळी वहीत आकडा लिहील. रोज चारचा आकडा एक दिवस अकरा झाला, तर त्याच दिवशी फळ्या उचलून खाली बघायचं. पाणी चढलं की पंप सुरू करणारा फ्लोट स्विच हाताने वर करून पंप सुरू होतो का तेही दर आठवड्याला बघा. तेलकट गाळात तो अडकून बसतो.

दुसरं, इम्पेलर. समुद्राचं पाणी ओढून इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपातलं हे रबरी चक्र. बोट महिनाभर उभी राहिली की त्याची पाती एकाच जागी वाकून तशीच राहतात आणि मग कधी तरी तुटतात. एकदा थळच्या अलीकडे आमच्या इंजिनाचं तापमान अचानक चढलं. इंजिन बंद केलं, नांगर टाकला, स्ट्रेनर (येणारं पाणी गाळणारी जाळी) उघडला तर आत दुधाची पिशवी. पाण्यावाचून पंप कोरडा फिरला होता. झाकण काढलं तेव्हा सहा पात्यांपैकी दोनच जागेवर. नवा इम्पेलर घालून दीड तासात निघालो. पाहुण्यांनी त्याला ‘एक्स्ट्रा हॉल्ट’ असं नाव दिलं. पण तुटलेली पाती कुठे गेली ते शोधायला हवं होतं. तीन मिळाली, चौथं मी सोडून दिलं. महिन्याभरानंतर इंजिन पुन्हा तापू लागलं आणि हीट एक्स्चेंजरचं (समुद्राच्या पाण्याने इंजिनाची उष्णता काढणाऱ्या नळ्यांच्या डब्याचं) टोक उघडल्यावर ते चौथं तिथे नळ्यांच्या तोंडावर चिकटलेलं सापडलं. तेव्हापासून सुटा इम्पेलर आणि गॅस्केट बोटीवर असल्याशिवाय मी दोर सोडत नाही. वर्षातून एकदा तो बदलायचाच, इंजिन दहा तास चाललं असलं तरी.

डिझेलचंही तसंच. अर्धी रिकामी टाकी आमच्या दमट हवेत आतून घामेजते, पाणी तळाशी बसतं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर काळा बुळबुळीत थर वाढतो. तो फिल्टर चोंदवतो, आणि तेही नेमका लाटांत, कारण तेव्हाच टाकी ढवळली जाते. पावसाळ्याआधी टाकी भरून ठेवा. वॉटर सेपरेटरच्या खालच्या वाटीतून दर महिन्याला थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढून बघा, पाणी असेल तर लगेच दिसतं. इंजिन ऑइलला मात्र कॅलेंडर बघायचं, तास नाही. वर्ष झालं की बदला. जनरेटर आठवड्यातून अर्धा तास चालवा, पण एसी वगैरे लोड टाकून. रिकामा फिरवण्यात अर्थ नाही.

आता पावसाळा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, मांडव्याच्या लाँच बंद असतात. कोळी होड्या ओढून वर घेतात ते उगाच नव्हे. तुमचीही बोट मे महिन्यात वर घ्या. यार्डवाल्याकडे तारीख आधीच धरा आणि उधाण-भांग बघून धरा. मुंबईत मोठ्या उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, भांगात तेवढं पाणी चढत नाही, आणि उताराच्या रुळांवर बोट चढवायची तर तेच पाणी लागतं.

वर घेतल्याच्या दिवशीच तळ धुवून घ्या. शिंपले ओले असताना खरवडून निघतात, वाळले की छिन्नी लागते आणि त्याबरोबर जेलकोटही निघतो. मग तळाचं बूच काढून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी साचणार नाही. नाळेकडची (पुढची) बाजू किंचित उंच ठेवा. वर ताडपत्री घाला पण हवा खेळू द्या. गच्च गुंडाळलेल्या बोटीत ऑगस्टमध्ये सोफ्यावर हिरवी बुरशी उगवलेली मी पाहिली आहे, वास काढायला तीन महिने लागले.

रंगकामाला स्वतः उभे राहा. अँटिफाउलिंग (तळाला शिंपले धरू नयेत म्हणून लावायचा रंग) लावणारा पोऱ्या सगळं एकसारखं रंगवतो, झिंकसुद्धा. पंख्याला (प्रोपेलरला) आणि शाफ्टला लावलेले जस्ताचे तुकडे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवतात. त्यावर रंग चढला की ते कामच करत नाहीत आणि मग समुद्र तुमचा काशाचा पंखा खातो. झिंक निम्मा झिजला की बदला, आणि रंगवायच्या आधी त्यावर टेप लावा. पाण्याची खोली मोजणाऱ्या सेन्सरवरही तांबं असलेला रंग नको.

खलाशाला जूनमध्ये सुट्टी देऊन पगार वाचवायचा मोह होईल, तो टाळा. यार्डात पडलेल्या बोटीवर नजर ठेवायला तोच लागतो, आणि चांगला माणूस ऑगस्टमध्ये परत येईलच असं नाही. खर्चाचा जगभर ढोबळ हिशेब वर्षाला किमतीच्या १० टक्के असा धरतात. तुम्ही जुनी घेतली आहे, तर तो तुम्ही दिलेल्या किमतीवर नाही, तशाच नव्या बोटीच्या किमतीवर धरा. यंत्रं तेवढीच आहेत, फक्त म्हातारी.

नारळी पौर्णिमेनंतर बोट उतरवाल तेव्हा घाई नको. बूच परत बसवलंय का बघा (हसू नका, हे घडतं). क्रेनने उतरवत असाल तर तिचे पट्टे अजून बोटीखाली असतानाच आत उतरा, एकेक सीकॉक (तळाच्या भोकावरचा नळ) उघडा, खाली कोरडा टिश्यू दाबून धरा आणि दहा मिनिटं थांबा. टिश्यू ओला झाला तर क्रेनवाल्याला सांगा, अजून पट्टे सोडू नको.