एसीच्या लेबलवर आधी काय बघाल?

पहिलाच एसी घेताय ना, मग दुकानात गेल्यावर तारे मोजत बसू नका. ताऱ्यांच्या खालचा मोठा आकडा वाचा: वर्षाला किती युनिट. खरी तुलना तिथेच होते, फक्त दोन्ही एसी सारख्याच टनाचे हवेत.

हा आकडा वर्षाला 1600 तास वापर धरून काढलेला असतो. आपल्या पुण्यात एवढा एसी लागतो कुठे? मार्चअखेर ते जूनचा पहिला पाऊस, तोही बहुतेकांकडे रात्रीच. 80 रात्री, आठ-आठ तास धरले तर 640 तास. समजा एका लेबलवर 950 आहे आणि दुसऱ्यावर 750. कागदावर फरक 200 युनिटांचा, तुमच्या घरात साधारण 80. महावितरणच्या दराने त्याचे पैसे काढा आणि मग ठरवा जास्तीची किंमत परवडते का. दिवसभर घरून काम करत असाल तर मात्र पाच तारेच घ्या, मी आग्रहाने सांगेन.

लेबलवरची मुदतही बघाच. जुलै 2022 मध्ये निकष कडक झाले, तेव्हा आधीचे पाच तारे चारावर आले. मला तपकीर गल्लीत एका दुकानदाराने जुना माल ‘फाइव्ह स्टार’ म्हणून दाखवला होता. मुदत वाचली म्हणून वाचलो. लेबलवरच आयएसईईआर (ISEER) हा आकडाही दिसेल, म्हणजे हंगामभरात दिलेला गारवा भागिले खाल्लेली वीज. जितका जास्त तितका चांगला.