आजीला लकवा झाला होता, मग बाबांनाही होईल का?

तुम्ही लिहिलंय की आजीला लकवा झाला होता, बाबांना बीपी आहे आणि 'आता बरं वाटतंय' म्हणून त्यांनी गोळी सोडली आहे. धोका आहेच. घराण्यातून आलेलं आणि वय यांना इलाज नाही, पण गोळीचं आजच डॉक्टरांना विचारा. आकडा गोळीमुळे उतरलेला असतो, ती सोडली की पुन्हा चढतो. बीपी दुखत नाही, आतल्या आत रक्तवाहिन्या कडक करत राहतो. लकव्याचं सर्वांत मोठं कारण तोच.

मी डॉक्टर नाही, पण गोव्यात डिचोलीला मामांचं जवळून पाहिलंय. चवथीच्या आदल्या दिवशी माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळांची चौकट, बांधताना सुपारीचा घड त्यांच्या उजव्या हातातून निसटला. मामीनं विचारलं तर बोलणं बोबडं. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. ऊन लागलं असेल म्हणून आम्ही साखरपाणी दिलं आणि कामाला लागलो. दीड दिवसाचा गणपती पोचवायच्या दिवशी सकाळी त्यांची उजवी बाजू गेली. पहिला झटका हा इशारा होता. अशा झटक्यानंतरचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे असतात, हे आम्हाला नंतर कळलं.

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन निघालं. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. लकव्याचा धोका साधारण पाचपट. मामांना छातीत कधी काही जाणवलंच नव्हतं. म्हणून बाबांची मनगटावरची नाडी मिनिटभर धरून बघा. ठोके वेडेवाकडे पडत असतील तर ईसीजी काढाच.

साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्या. सिगारेट, तंबाखू बंद, रोजची फेणीही नको. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चमचाभर, आणि आपल्याकडे पेजेबरोबर खारातली तोरं (मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या), सुका बांगडा, किसमूर (सुक्या मासळीची खोबरं घातलेली कोशिंबीर) यांतच ते किती जातं! बाबांना ते रोज वाढू नका.

तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळली, तर क्षणात बरं वाटलं तरी १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणून त्रास कधी सुरू झाला ती वेळ लिहून ठेवा. डॉक्टर पहिलं तेच विचारतात. मामा झोपेतून उठले तेव्हाच त्यांचा हात हलत नव्हता. कधीपासून, ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नाही.