क्षार, खार आणि साबण

प्रश्न: घरगुती साबणाच्या वेष्टनावर 'क्षारमुक्त, संपूर्ण नैसर्गिक' असं वाचलं. क्षार म्हणजे मीठच ना? मग साबणात मीठ असतं का?

उत्तर: 'क्षारमुक्त साबण' हे वाचून वाचून मी वैतागलो आहे. क्षाराशिवाय तेलाचा साबण होतच नाही. किलोभर खोबरेलाला साधारण १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा, म्हणजे दाहक क्षार, लागतो. तो तेलाशी संयोग पावून संपतो, ग्लिसरीन सुटतं, आणि नीट मुरलेल्या वडीत मोकळा कॉस्टिक उरत नाही. क्षार नकोच असेल तर रिठे वापरा, पण त्यांना साबण म्हणू नका.

आता शब्दाकडे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अकराव्या अध्यायात, व्युत्पत्ती दिली आहे: 'क्षरणात् क्षणनाद्वा क्षारः', म्हणजे क्षरण करतो किंवा इजा करतो म्हणून क्षार. टीकाकार या क्षरणाचा संबंध दूषित मांस झडण्याशी लावतात. आधुनिक भाषाशास्त्रज्ञ तर क्षार थेट 'जाळणे' अर्थाच्या संस्कृत धातूकडे, म्हणजे क्रियापदाच्या मुळाकडे, नेतात. मला दोन्ही पटत नाहीत. त्याच अध्यायातली कृती वाचा ना! मोखा वगैरे झाडांची लाकडं चुनखडीसह जाळायची, राख सहापट पाण्यात कालवायची आणि एकवीस वेळा गाळायची. एकवीस वेळा! राखेतून पाझरून येतो तो क्षार. क्षर् म्हणजे पाझरणं, झरणं. जे झरत नाही ते अक्षर, आणि जो झरून हाती येतो तो क्षार. म्हणजे आपली बाराखडी आणि साबणाचा कॉस्टिक ही एकाच धातूची लेकरं. शिवाय ती चुनखडीही उगाच नाही. चुन्यामुळे राखेचा सौम्य क्षार दाहक होतो, म्हणजे साबणाला हवा तसाच.

घोळ घातला तो पाठ्यपुस्तकांनी. 'आम्ल, आम्लारी व क्षार' या त्रयीत क्षार मिठाच्या जागी बसवला आणि मूळ अर्थासाठी 'आम्लारी' घडवला, म्हणजे आम्लाचा शत्रू. हिंदीने मिठाला लवण ठेवलं आणि क्षार जागेवर राहू दिला. आपणही तेच करायला हवं होतं. खार म्हणजे क्षारच, आणि आपल्या स्वयंपाकघराला खरा अर्थ पक्का ठाऊक होता: पापडखार, सज्जीखार, जवखार, टाकणखार. यातला एकही मीठ म्हणून भाजीत घालून बघा! 'खारट'चा दाखला कुणी देईल. तो अर्थही जुना आहे, मान्य. पण म्हणून पापडखार मीठ ठरत नाही.

राहिलं मीठ. मोठ्या कढईतला साबण पाण्यातून वेगळा काढायला ते घालतात. घरच्या वडीला त्याची गरज नसते.