आधी तळवा बघ

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

टोकियोच्या निशी-कासाईत खोली मिळाली हे वाचून बरं वाटलं. तिथे मराठी ऐकू येईल, कोथिंबीर मिळेल, त्यामुळे आईला सांग की काळजीचं काही कारण नाही. आता तुझा खरा प्रश्न. "काका, पहिल्याच रविवारी जुनी राक्षसांची खेळणी बघायला नाकानोला जातेय, काय घेऊ?"

काहीही घेऊ नकोस. जाण्यायेण्याचं भाडं नि एका रामेनचे पैसे घे, बाकी पाकीट खोलीवर ठेव.

नाकानो स्टेशनच्या उत्तरेकडच्या दारातून बाहेर पडलीस की सन मॉलच्या छपराखालून सरळ चालत राहा, समोरच ब्रॉडवेची, जुन्या खेळण्यांच्या दुकानांची इमारत लागेल. ती उघडली १९६६ साली. त्याच वर्षी जानेवारीत जपानी टीव्हीवर 'अल्ट्रा क्यू' आली, जुलैत 'अल्ट्रामॅन', आणि पोरं राक्षसांच्या नादाला लागली ती लागलीच. गॉडझिला १९५४चा, म्हणजे वडीलधारा; पण घराघरात दर आठवड्याला नवा काइजू, म्हणजे राक्षस, येऊ लागला तो इथून. मारुसान कंपनीने त्यांचे मऊ व्हिनाइलचे पुतळे बाजारात आणले. सॉफ्ट व्हिनाइलचं जपानी तोंडात झालं सोफुबी. 'अल्ट्रा क्यू' कृष्णधवल होती, म्हणून खेळण्यांचे रंग पडद्याशी ताडून बघायच्या फंदात पडू नकोस. कारखान्याला जो रंग दुकानात उठून दिसेल असं वाटलं, तो मारला.

मांदाराके या जुना माल विकणाऱ्या कंपनीची छोटी छोटी दुकानं वेगवेगळ्या मजल्यांवर विखुरली आहेत. काचेच्या कपाटापुढे उभी राहून "मिसेते मोराएमासु का" म्हण. म्हणजे, जरा दाखवता का? ते कपाट उघडतील. दोन्ही हातांनी घे, आणि चेहऱ्याकडे बघायच्या आधी उलटं करून पायाचा तळवा बघ.

तळव्यावर बहुतेक वेळा कंपनीचं नाव असतं आणि राक्षस कोणाच्या मालकीचा ते असतं, अल्ट्रामॅनवाली त्सुबुराया की गॉडझिलावाली तोहो. इथे एक गंमत लक्षात ठेव. १९६८मध्ये मारुसान बुडाली. तिथल्याच माणसांनी बुलमार्क काढली आणि जुने साचे बरेचसे तेच वापरले. त्यामुळे एकच राक्षस दोन नावांनी भेटतो, अंगाची घडण तीच, व्हिनाइलचा आणि फवाऱ्याचा रंग वेगळा. पुढे १९७७मध्ये बुलमार्कही बुडाली. राक्षस विकून फार कोणी गबर झालं नाही बघ.

नुसता तळवा वाचून भागत नाही, कारण तळवाही साच्यातून निघतो आणि साच्याचा साचा काढता येतो. म्हणून हे कसं बनतं ते कळायला हवं. टोकियोच्या कात्सुशिका भागातल्या एका बोळातल्या कारखान्यात मी हे काम पाहिलंय. धातूचा साचा, त्यात दुधासारखं पातळ व्हिनाइल ओततात नि साचा तापलेल्या तेलात बुडवतात. कडेला लागून असलेलं व्हिनाइल घट्ट होतं, आतलं उरलेलं परत ओतून घेतात, मग पुन्हा तेलात. शेवटी तो माणूस चिमट्याने गरम व्हिनाइलची कड धरतो आणि एका हिसक्यात ओढतो. रुंद डोकं साच्याच्या अरुंद तोंडातून बाहेर येतं, आणि बाहेर येताच फुगून आपल्या आकारात बसतं. मी तासभर तिथून हललो नाही. तेलाचा वास शर्टाला दोन धुण्यांपर्यंत होता.

व्हिनाइल थंड होताना आकसतं. मूळ खेळण्यावरून कोणी नवा साचा काढला तर त्यातून निघालेला राक्षस मुळापेक्षा जरा खुजा असतो, खवल्यांच्या कडाही बोथट. हे मला पैसे मोजून कळलं. रस्त्यावरच्या जुन्या बाजारात एकाने 'मारुसान' म्हणून गळ्यात मारलेला माझा गॉडझिला मित्राच्या गॉडझिलाशेजारी उभा केला, तर अर्धं बोट कमी. मित्र हसला नाही, तेच जास्त लागलं. तेव्हापासून खिशात मोजपट्टी असते. कंपनीने उघडपणे पुन्हा काढलेल्या आवृत्त्यांचं मात्र मला वावडं नाही. माझा 'अल्ट्रा क्यू'मधला कानेगॉन तसलाच आहे. पैशाच्या हावेपायी एक पोरगा राक्षस होतो, तोंड बटव्यासारखं, जगायला नाणी खावी लागतात, छातीवर शिल्लक दाखवणारे आकडे. संग्राहकाच्या कपाटात तो असलाच पाहिजे असं माझं मत आहे.

ऑनलाइन लिलावात 'नो क्लेम, नो रिटर्न' दिसलं आणि तळव्याचा फोटो नसला, तर पुढे चल.

ठेवण्याबद्दल. ऊन लागलं की रंग उडतो, हे तुला ठाऊकच आहे. दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. मऊ व्हिनाइल मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते हळूहळू बाहेर झिरपतं. पॉलिस्टायरीन या कडक प्लास्टिकला ते लागलं की पॉलिस्टायरीन विरघळू लागतं. माझ्याकडे ऑरोरा कंपनीचा पॉलिस्टायरीनचा फ्रँकेन्स्टाइन होता. १९६१मध्ये अमेरिकेत निघालेलं ते जोडायचं किट, तेव्हा ९८ सेंटला मिळायचं. पुण्याला परतल्यावर एका उन्हाळ्यात मी बुलमार्कचा रेड किंग, 'अल्ट्रामॅन'मधला राक्षस, त्याच्या चौथऱ्याला टेकवून ठेवला आणि विसरलो. जूनमध्ये कपाट उघडलं तर दोघे चिकटलेले. सोडवले तेव्हा चौथऱ्यावर शेपटीचा ठसा उमटला होता, खवल्यांसकट.  तू अशी दोन खेळणी एकमेकांना टेकवून ठेवू नकोस.

आणि घासलेल्या नाकावर नवा रंग मारायचा मोह झाला, तर ब्रश कोणाला तरी देऊन टाक. त्याच रेड किंगच्या तळव्यावर कोणा पोराने पेनाने काताकाना या जपानी लिपीत आपलं नाव लिहिलंय. दोन अक्षरं उरलीत, बाकीची खेळून पुसली गेली. दुकानदाराने त्या नावापायी किंमत कमी केली होती, म्हणून तर मला परवडला. पुसायचं औषधही तोच देत होता. नको म्हटलं.

दुसऱ्या महिन्यात पाकीट घेऊन जा. दोन-चार कपाटं उघडून बघ, एक घे. जुना कानेगॉन दिसला तर मला फोटो पाठव. चेहऱ्याचा नको.

तुझा,
काका