सिम्युलेशनमध्ये डीसी मोटरचा वेग नीट स्थिरावतो, पण पीआय (प्रपोर्शनल-इंटिग्रल) कंट्रोलरच्या त्याच गेनवर, म्हणजे वेगातल्या चुकीला किती जोराने प्रतिसाद द्यायचा त्या आकड्यांवर, खरी मोटर डगमगते. मॉडेल जुळवायचं कसं?

गेनला आत्ता हात लावू नका, आधी मॉडेल खरं करा. कंट्रोलर बाजूला काढून मोटरला थेट ड्यूटी (पीडब्ल्यूएममध्ये व्होल्टेज चालू असण्याचा टक्का) द्या, समजा ४० टक्क्यांवरून एकदम ६०, आणि वेगाचा आलेख नोंदवा. वेग एकूण बदलाच्या ६३ टक्क्यांपर्यंत पोचायला लागलेला वेळ म्हणजे तुमचा टाइम कॉन्स्टंट. डेटाशीटमधला आकडा नुसत्या मोटरचा असतो, चाक-गिअर जोडले की तो बदलतो.

मग मोटरला वीज पुरवणारा ड्रायव्हर. एल२९८एन हा ड्रायव्हर असेल, तर तो १ अँपिअरला साधारण २ व्होल्ट स्वतःच खातो, म्हणजे १२ व्होल्टमधले मोटरला १०च मिळतात. शिवाय कमी ड्यूटीला घर्षणामुळे मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही. तो डेड झोन आणि ड्यूटीची २५५ची (म्हणजे १०० टक्क्यांची) कमाल मर्यादा दोन्ही मॉडेलमध्ये घाला. मर्यादा लागली की इंटिग्रलची (साचत जाणाऱ्या चुकीची) बेरीज थांबवायलाही विसरू नका.

डगमगण्याबाबत माझा पहिला संशय मात्र एन्कोडरवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या सेन्सरवर. २० खाचांची चकती आणि १० मिलिसेकंदांचं सॅम्पलिंग असेल, तर एक पल्स (प्रत्येक खाचेमागे एक येतो) इकडेतिकडे झाला की वेग ३०० आरपीएमने उडी मारतो! तिथे पल्स मोजण्याऐवजी दोन पल्समधला वेळ मोजा.