एच.२६४ आधीचं आहे, म्हणून पेटंटचा क्लेम पडतो का?

तुमच्या व्हिडिओ कॉलिंग ॲपवर पेटंटची नोटीस आलीये. क्लेम १ मध्ये, म्हणजे पेटंट नेमका कशावर हक्क सांगतं त्या कलमात, चार गोष्टी आहेत: फ्रेमचे ब्लॉक पाडायचे, त्यांचा साइज बदलता ठेवायचा, प्रत्येकाला मोशन व्हेक्टर (तो ब्लॉक दुसऱ्या फ्रेमच्या तुलनेत कुठे आणि किती सरकला ते) द्यायचा आणि समोरच्या फोनने कळवलेल्या बॅटरीप्रमाणे सगळ्यात लहान ब्लॉकवर मर्यादा घालायची. पेटंट २००५ चं आणि एच.२६४ हे व्हिडिओ दाबून लहान करायचं स्टँडर्ड मे २००३ चं, म्हणजे हे सगळं जुनंच, असं तुमचं म्हणणं.

पहिल्या तीन गोष्टी जुन्याच आहेत, १६×१६ पिक्सेलचा मॅक्रोब्लॉक (मूळ मोठा ब्लॉक) फोडत ४×४ पर्यंत न्यायचा हे एच.२६४ मध्ये स्पष्ट लिहिलंय. घोडं पेंड खातं ते चौथ्यापाशी. ते स्टँडर्ड बिटस्ट्रीम (दाबलेला डेटा) कशी असावी आणि डिकोडरने ती कशी उलगडावी एवढंच ठरवतं, व्हिडिओ दाबणाऱ्या एन्कोडरने कधी कुठला साइज निवडायचा हे मुद्दाम मोकळं सोडलंय. लेव्हलप्रमाणे (क्षमतेच्या ठरवलेल्या पायऱ्यांप्रमाणे) मोशन व्हेक्टरच्या संख्येवर मर्यादा आहेत त्यात, पण बॅटरीशी त्यांचा काही संबंध नाही. आणि नॉव्हेल्टी (नवेपणा) मोडायची तर क्लेममधली प्रत्येक गोष्ट एकाच कागदात सापडायला लागते, "असं करता आलं असतं" एवढ्याने भागत नाही. तुम्ही जोडलेल्या २००४ च्या पेपरमध्ये बॅटरीचा फीडबॅक आहे पण ब्लॉक एकाच साइजचे, त्यामुळे दोन्ही जोडून बोलायचं तर तो ऑब्व्हियसनेसचा (हे सहज सुचण्यासारखं होतं का, याचा) मुद्दा झाला, तिथे त्या क्षेत्रातल्या जाणकाराने हे दोन का जोडले असते ते दाखवावं लागेल. तो पेपर लोकांना नक्की कधी उपलब्ध झाला याचा पुरावाही लागेल, वर छापलेल्या तारखेवर विसंबू नका.

२००५ ही तारीखसुद्धा तपासून घ्या. पेटंटवाल्यांचा पहिला अर्ज काढून वाचा, बॅटरीचा भाग त्यात नसेल आणि नंतरच्या अर्जात घातलेला असेल तर या क्लेमला ती जुनी तारीख मिळत नाही आणि मधल्या काळातलं बरंच साहित्य तुमच्या कामी येतं.

मला सगळ्यात जोर वाटतो तो वेगळ्याच ठिकाणी. तुमचं ॲप बॅटरी बघतच नाही, फक्त नेटवर्क मंदावलं की लहान ब्लॉक बंद करतं, तरी ते क्लेममध्ये बसतं असं नोटीस म्हणते. क्लेमचा अर्थ इतका ताणायचा असेल तर जुनं साहित्य तपासतानाही तोच ताणलेला अर्थ धरावा लागतो, मग २००५ आधीचा, नेटवर्कप्रमाणे लहान ब्लॉक टाळणारा एखादा एन्कोडर एकटाच पुरेसा ठरेल. शोध तिकडे वळवा, आणि तोवर नोटिशीला "पेटंट अवैध आहे" असं लेखी उत्तर देऊ नका, पण मुदत चुकवू नका, हवं तर वाढवून मागा.